वागिराहचे आठशे मीटर

वागिराहला स्वस्थ बसता येत नसे. लहानपणी जेवतानाही ती उकिडवी बसायची, एक टाच उचललेली, जणू कुणी हाक मारली की ताटावरून उठायचंच आहे. आई वैतागायची. "न्दुक, पायांत वारूळ आहे का गं तुझ्या?" जावातल्या मेर्बाबू डोंगराच्या उतारावर आईबाप लाडक्या मुलीला 'न्दुक' म्हणतात, आणि चिडले तरी न्दुकच म्हणतात.

घरचा कोबी आणि गाजरं खाली सालातिगाच्या बाजारात न्यायचं काम बायकांचं. बाकीच्या पहाटे निघून गप्पा मारत उतरायच्या. वागिराह मागून निघायची आणि सगळ्यांच्या आधी पोचायची, पाठीवर फडक्यात बांधलेला भारा सावरत, अनवाणी. बाजारात पोचून करायचं काय, तर मागच्यांची वाट बघत या पायावरून त्या पायावर डुलायचं.

सतराव्या वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या शर्यतीत ती लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून धावली. मैदानाच्या दोन फेऱ्या होत्या. दोन झाल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तरी ही धावतेच आहे. तिसरी फेरी अर्धी झाल्यावर एका मास्तरांनी आडवं येऊन तिला थांबवलं.

"अगं, संपली शर्यत! पहिली आलीस तू."

"मला कुणी सांगितलंच नाही कुठे संपते ते," वागिराह म्हणाली. तिला धापही लागली नव्हती.

ते मास्तर म्हणजे दार्सोनो, सालातिगाच्या शाळेत कवायत शिकवणारे. त्यांना सगळे 'पाक' म्हणत. पाक म्हणजे बाप, तिकडे मानाच्या कुणाही पुरुषाला तशीच हाक मारतात. पाक दार्सोनोंनी तिला चार वर्षं घडवलं. हात कसे ठेवायचे, वळणावर आतली कड कशी धरायची, पहिली फेरी राखून कशी धावायची. राखून धावणं मात्र तिला कधी जमलं नाही. "तू पैसा हातात येताच उधळणाऱ्या माणसासारखी धावतेस," ते म्हणायचे. "दुसऱ्या फेरीला खिशात काही उरत नाही." तरी त्रेसष्ट साली त्यांनी तिला जाकार्ताच्या सराव शिबिरात नेऊन पोचवलं.

शिबिरात तिच्या खोलीत योसिना ताहालेले होती. आंबोन बेटाची, उंच, काळीसावळी, शंभर मीटर धावणारी. हसायला लागली की शेजारच्या खोलीतल्या मुली भिंत ठोकायच्या. सकाळी उठून देवाची गाणी म्हणायची, आणि जेवायला बसली की देवाच्याच नावाने कुरकुर करायची.

"तुम्हा जावावाल्यांच्या भाजीत साखर, कालवणात साखर. उद्या मिठातसुद्धा साखर घालाल!"

"आणि तुम्ही लोक ती साबुदाण्याची खळ ओरपता, त्याचं काय?"

"खळ नाही, पापेडा! पापेडा खाल्ला म्हणून मी तुझ्यापुढे असते."

"शंभर मीटर. पुढे सातशे उरतात, बाई."

असं चालायचं. दोघी एकमेकींना धरून होत्या.

त्या वर्षी जाकार्तात सगळीकडे एकच विषय होता. आदल्या वर्षी तिथेच आशियाई स्पर्धा भरल्या, तेव्हा सरकारने दोन ठिकाणच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं, म्हणून ऑलिम्पिकवाल्यांनी आख्ख्या देशालाच बाहेर काढलं. राष्ट्रपतींनी उलट जाहीर केलं, तुमचं तुम्हाला लखलाभ, आम्ही आमची स्पर्धा भरवतो. नाव ठेवलं गानेफो. नव्याने उभ्या राहणाऱ्या देशांचे खेळ. पन्नासएक देशांची पथकं यायची होती. भिंतीभिंतीवर लिहिलं होतं, 'पुढेच जायचं, मागे नाही.' वागिराहला ते आपल्याच स्वभावाचं वर्णन वाटे. रोज सकाळी ती त्या भिंतींसमोरून धावत जायची.

स्पर्धेला आठ दिवस उरले असताना तिला टायफॉइड झाला.

इस्पितळात ती पलंगावर आडवी, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एवढं मोठं स्टेडियम भरलेलं. शेजारच्या बाईच्या रेडिओवर समालोचन चालायचं. आठशेची शर्यत लागली, तेव्हा चादरीखाली तिचे पाय हलत होते. नर्सने चादर घट्ट खोचली. "पाय मोडायचेत का पलंगाचे?"

शेवटच्या दिवशी योसिना आली, गळ्यात पदक. रिलेत तिसरा नंबर.

"बघ. कांस्य आहे म्हणे. मला तर पितळच वाटतं."

वागिराहने पदक हातात घेतलं, उलटं केलं, परत दिलं, आणि भिंतीकडे तोंड करून इतकी रडली की योसिनाने पदक काढून पिशवीत टाकलं.

"पुढच्या वेळी, वागी."

"पुढची वेळ कुठून आणणार आहेस? आंबोनहून?"

पण आली पुढची वेळ. चौसष्टच्या मध्यात ऑलिम्पिकवाल्यांनी देशावरची बंदी उठवली. ऑक्टोबरात तोक्योला पथक जाणार, त्यात आठशे मीटरला वागिराह. एक कुसळ मात्र होतं. धावण्याच्या आणि पोहण्याच्या जागतिक संघटनांनी फतवा काढला होता की जो कुणी गानेफोत उतरला, त्याला तोक्योत उतरता येणार नाही. वरिष्ठ म्हणायचे, "होईल काहीतरी. तिथे गेल्यावर बोलू. तुम्ही सराव करा." योसिनाही सराव करत होती.

गावात जेवणावळ झाली. पिवळ्या भाताचा डोंगर केला, मशिदीतल्या म्हाताऱ्या काकांनी दुआ मागितली, आणि आईने सांबालची, म्हणजे मिरचीच्या ठेच्याची, बाटली चार फडक्यांत गुंडाळून दिली. "तिकडचं जेवण अळणी असतं म्हणे. आणि हे बघ, न्दुक, हरलीस तरी चालेल, पण तिथे तरी नीट बस."

तोक्योत हवा थंड होती. पथक शहरातल्या एका वसतिगृहात उतरलं, कारण खेळाडूंच्या वसाहतीत जायला ओळखपत्र लागायचं आणि त्याचाच घोळ चालला होता. दुसऱ्या दिवशी थोडी ओळखपत्रं आली. वागिराहचं होतं. फोटोत ती दचकलेल्या सशासारखी दिसत होती. योसिनाचं नव्हतं.

आता उलगडा झाला. टायफॉइडने तिची गानेफो खाल्ली होती, आणि त्याच टायफॉइडमुळे तिला तोक्योचं दार उघडं होतं. पथकातल्या धावणाऱ्या मुलींत ती एकटीच अशी होती.

चार दिवस ती बसने वसाहतीत सरावाला जायची. लाल मातीचा ट्रॅक, त्यावर कुठकुठल्या देशांच्या बायका, कुणी घोडीसारख्या उंच, कुणी तिच्याहून बुटक्या. ती त्यांच्या मागून धावायची आणि मनात मोजायची, हिला मी धरीन, ही मात्र हाती लागायची नाही. संध्याकाळी परतायची, तेव्हा योसिना खोलीत खिडकीशी बसलेली असायची, बूट घालून.

"कसा आहे ट्रॅक?"

"बरा आहे."

"बरा म्हणजे? सांग की नीट. मऊ आहे? खिळे धरतो?"

"मऊ आहे. पाय उसळतो मातीवरून."

"हं," म्हणून योसिना गप्प व्हायची. तिला असं गप्प बसलेलं वागिराहने कधी पाहिलं नव्हतं. आपण बोललो तरी चूक, नाही बोललो तरी चूक, असं होऊन ती जिन्यावरून खालीवर करत राहायची.

उद्घाटनाला एक दिवस उरला, तेव्हा पथकप्रमुखांनी सगळ्यांना खालच्या दिवाणखान्यात बोलावलं. त्यांचा आवाज बसला होता. बोलणी फिसकटली, ते म्हणाले. गानेफोच्या खेळाडूंना घेत नाहीत. तेव्हा जाकार्ताहून हुकूम आला आहे, गेलो तर सगळे, नाहीतर कुणीच नाही. उद्या परत निघायचं.

कुणी शिवी हासडली. कुणी खाली बसलं. वागिराह उभी होती ती तशीच पुढे गेली.

"पाक, माझं ओळखपत्र आहे."

"माहीत आहे, पोरी."

"मी गानेफोत नव्हते. मी आजारी होते. मला एकटीला धावू द्या. झेंडा नको, काही नको. नुसत्या दोन फेऱ्या."

"आणि बाकीचे? त्यांनी देशासाठी धाव घेतली म्हणून ते बाहेर, आणि तू अंथरुणात होतीस म्हणून आत? बरं दिसेल का ते?"

ते म्हणत होते ते खरं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला.

खोलीत आल्यावर तो राग योसिनावर निघाला.

"तुझ्या त्या पितळेने खाल्लं मला!"

योसिना कपडे पिशवीत भरत होती. थांबली. "मी तुला आजारी पाडलं का?"

"मी कुठे म्हणते तसं?"

"मग काय म्हणतेस? मी धावायला नको होतं? सांग. माझ्याच देशात, माझ्याच लोकांसमोर, पहिल्यांदा एवढे लोक माझं नाव ओरडत होते. घरी बसायला हवं होतं मी? आंबोनमध्ये मासे वाळवत?"

"मला माहीत नाही!" वागिराह ओरडली. "मला काही माहीत नाही. माझे पाय मला खातायत."

शेजारच्या मुलींनी भिंत ठोकली.

सकाळी उजाडताच योसिनाने तिला हलवलं. हातात पाक दार्सोनोंचं घड्याळ होतं, शर्यतीच्या वेळा घ्यायचं, त्यांनी शिबिराला जाताना वागिराहला दिलेलं. "ऊठ. बूट घाल. विमानाला अजून वेळ आहे."

वसतिगृहाच्या मागच्या गल्लीत एक शाळा होती. फाटक उघडं, आणि एक म्हातारा शिपाई मैदानावरची पानं झाडत होता. योसिनाने त्याला हातवारे करून समजावलं. आधी स्वतःकडे बोट, मग वागिराहकडे, मग गोल गोल. म्हाताऱ्याने त्यांच्या अंगावरचे झेंडा शिवलेले कपडे पाहिले. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने झाडू घेऊन आतल्या कडेची पानं बाजूला सारली आणि झाडूच्या दांड्याने मातीत एक रेघ ओढली.

मैदान छोटं होतं. योसिनाने पावलांनी मोजलं. "दोनशे आहे. चार फेऱ्या. मी वेळ घेते."

वागिराह रेघेवर उभी राहिली. समोर कुणी नाही, बाजूला कुणी नाही. योसिनाने हात खाली केला आणि ती सुटली.

पहिली फेरी तिने उधळली, नेहमीसारखी. वळणं इतकी आखूड की पाय घसरत होते. दुसऱ्या फेरीला ती सावरली. तिसरीला छातीत जाळ झाला आणि मांड्या दगडाच्या झाल्या, आणि तिच्या मनात चारही दिवस पाहिलेल्या त्या बायका आल्या. त्यातली एक हिरव्या कपड्यातली होती, कुठल्या देशाची ते तिला माहीत नव्हतं. वागिराह तिच्या मागे लागली. चौथ्या फेरीला योसिना रेघेवर उभी राहून आंबोनच्या भाषेत ओरडत होती, हात वर करून उड्या मारत होती, म्हाताऱ्याने झाडू टाकून टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती, आणि त्या हिरवीला शेवटच्या वळणावर मागे टाकून वागिराह रेघ ओलांडून पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळली.

भिंतीला टेकून तिने श्वास घेतला. मग वळली.

"किती?"

योसिनाने घड्याळाकडे पाहिलं. काटा फिरत होता.

"किती, योसी?"

"वागी, मी..." तिने बटणावरचा अंगठा उचलला. "मी ओरडत होते. दाबायचं विसरले."

काटा अजून फिरतच होता. वागिराहने ते घड्याळ योसिनाच्या हातातून घेतलं, खिशात टाकलं, आणि फाटकाबाहेर गेली. म्हातारा मागे कमरेत वाकून नमस्कार करत होता.

विमानात दोघींच्या जागा शेजारी होत्या. जाकार्तापर्यंत वागिराह खिडकीकडे तोंड करून बसली.

गावी आल्यावर लोक जमले. आता त्यांना काय सांगायचं?

"किती जणींना हरवलंस गं?"

"धावलेच नाही."

"का? पाय मुरगळला?"

"नाही. परत बोलावलं."

"मग आम्ही एवढा भात कशाला शिजवला?" एक काकू म्हणाली, आणि सगळे हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. वागिराह घरात गेली, बूट घातले आणि डोंगराच्या रस्त्याने वर धावत सुटली. रोज धावू लागली, सकाळी, संध्याकाळी, भर उन्हात. झोपेत लाथा मारायची. कसले तरी आकडे पुटपुटायची. आईने एकदा बूट तांदळाच्या कणगीत लपवले, तर ती अनवाणी गेली. परत आली तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती.

"न्दुक, कुणापासून पळतेस?"

"पळत नाही, म्बोक. शोधतेय."

"काय?"

दोन मिनिटं आणि वर किती तरी सेकंद, हे आईला कसं सांगणार?

पासष्ट साल आलं, सत्ता उलथली, धरपकड सुरू झाली, आणि देशात जे झालं ते झालं. तिकडे लोक अजून त्याविषयी हळू आवाजात बोलतात. कितीतरी घरांची दारं बंद झाली, काही माणसं परत आली नाहीत. जुन्या सरकारशी नाव जोडलेलं सगळंच धोक्याचं झालं. पाक दार्सोनोंना दोनदा चौकशीला नेलं आणि मग कामावरून काढलं. नंतर ते घरी कोंबड्या पाळत. गानेफोचं नाव कुणी काढेना. ज्यांनी पदकं मिळवली होती त्यांनी ती ट्रंकेच्या तळाशी घातली.

सहासष्टमध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धांसाठी जाकार्तात निवड चाचणी झाली. वागिराह चोवीसची होती. पाक दार्सोनोंनी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता सांगितलं, "जा. आणि एकदा तरी पहिली फेरी राखून धाव."

तिने राखली. तिसरी आली. जाणार होत्या दोघी.

निकाल सांगणारा माणूस फळीवरून वाचत होता. "वागिराह, मध्य जावा, दोन मिनिटं एकोणीस पूर्णांक चार."

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पुन्हा वाचा."

"दोन एकोणीस पूर्णांक चार. काय झालं, मान्य नाही?"

"मान्य आहे. फक्त पुन्हा वाचा."

मागून ओळखीचं हसणं आलं. योसिना होती, जाडी झालेली, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. नवरा नौदलात, जाकार्तातच राहत होती. वर्तमानपत्रात चाचणीची बातमी वाचून आली होती.

दोघी स्टेडियमबाहेरच्या टपरीवर गेल्या. पेचेलची पानं आली, उकडलेल्या भाज्या आणि वर शेंगदाण्याची चटणी. योसिनाने एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर!"

वागिराहला हसू आलं आणि मग रडूही आलं, दोन्ही एकदम. तिने बाळाला मांडीवर घेतलं.

"मी तुला पत्रं लिहिली," योसिना म्हणाली. "तीन."

"मिळाली."

"मग?"

"काय लिहू? रागावलेय म्हणून लिहू, तर खरं नव्हतं. नाही म्हणून लिहू, तर तेही खरं नव्हतं."

योसिना चटणीतले शेंगदाणे निवडू लागली. "आज एकोणीस लागली. तिथे तू याहून वेगात होतीस."

"तुला काय माहीत? तू तर आकाशात उड्या मारत होतीस."

"माहीत आहे. मी शंभर मीटरवाली आहे. वेगातलं मला कळतं." मग म्हणाली, "की मी खोटं बोलतेय असं वाटतं तुला?"

"वाटतं."

"वाटू दे."

त्यानंतर त्या नियमित पत्रं लिहीत. दोघींतलं सगळं मिटलं असं नाही. वागिराह कधीकधी मध्येच एखादं तिखट वाक्य लिहायची, आणि योसिना त्याला उत्तर द्यायची नाही.

पाक दार्सोनोंच्या रिकाम्या जागी सालातिगाच्या शाळेला मुलींसाठी कवायतीची बाई हवी होती. ती जागा घेताना वागिराहला चोरी केल्यासारखं वाटलं. पाक दार्सोनोंनीच तिला ढकललं. "मग काय, एखाद्या पोट सुटलेल्या माणसाला देऊ?"

तिसऱ्या वर्षी तिने वार्षिक खेळांच्या यादीत मुलींची आठशे मीटर घातली. मुख्याध्यापकांनी त्यावर लाल रेघ मारली.

"मुली शंभर धावतील. फार तर दोनशे."

"का, पाक?"

"अहो बाई, पोरी पडतील. उद्या यांची लग्नं व्हायचीत. ऑलिम्पिकमध्येसुद्धा बायका पडल्या होत्या पटापट, म्हणून तर बंद केली होती ना ती शर्यत?"

वागिराह खुर्चीत बसली होती. उठली. ही गोष्ट तिला पाक दार्सोनोंनी पहिल्याच वर्षी सांगितली होती.

"अठ्ठावीस साल, ॲमस्टरडॅम. नऊ जणी धावल्या आणि नऊच्या नऊ पोचल्या. पोचल्यावर काही जणी गवतावर आडव्या झाल्या. पुरुष होत नाहीत का? वर्तमानपत्रवाल्यांनी लिहिलं, अकरा होत्या, पाच वाटेत कोसळल्या. अकरा नव्हत्याच! आणि त्या थापेवर बायकांची आठशे बंद झाली ती बत्तीस वर्षं. बत्तीस वर्षं, पाक! एवढ्यात एक बाई जन्मते, धावायची होते आणि धावायची राहूनही जाते."

ती इतकं बोलेल असं मुख्याध्यापकांना वाटलं नव्हतं. "बसा तरी," ते म्हणाले.

"बसत नाही मी."

त्यांनी आपली लाल रेघ खोडून टाकली. "एकही पोर पडली, तर जबाबदारी तुमची."

खेळांच्या दिवशी अकरा मुली उभ्या राहिल्या. आया कुंपणाशी जमल्या होत्या, काही जणींच्या हातात पाण्याच्या बाटल्या आणि तेलाच्या शिशा, जणू युद्धच आहे. शिट्टी झाली. पहिल्या फेरीला सगळ्याच उधळल्या. दुसरीला एकीला वांती झाली. ती तोंड पुसून पुन्हा पळू लागली. दहा जणी पोचल्या. अकरावी, लासियेम नावाची, टेकडीवरच्या वस्तीतली बारीकशी पोर, अजून पाऊण फेरी मागे होती. ती चालायला लागली होती आणि कुंपणाकडे बघत होती, कुणी थांब म्हणतंय का म्हणून.

"थांबवा हो तिला, बाई, पुरे!" एक आई ओरडली.

वागिराहने पायांतल्या चपला काढून टाकल्या. लुगडं गुडघ्याशी खोचलं आणि मैदानात शिरली. लासियेमच्या आतल्या बाजूने, तिच्या खांद्याला खांदा लावून, पण तिला न शिवता.

"बाई, माझ्याच्याने होत नाही."

"होत नाहीच. तरी चल. हात खाली सोड. माझ्याकडे बघू नकोस, पुढे बघ."

"सगळ्या पोचल्या, बाई."

"पोचू दे. त्यांची संपली. आपली आहे अजून."

लासियेम पुन्हा धावू लागली.